रविवार मिळाला, रोज बुडाला

खोपोलीच्या विजेवर १९१५ पासून मुंबईच्या गिरण्या चालल्या. त्या गिरण्यांतली रविवारची सुट्टी मात्र त्या विजेहून पंचवीस वर्षांनी जुनी. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज केला. २४ एप्रिल १८९० ला दहा हजारांची सभा भरवली. तीत दोन कामकरी स्त्रियाही बोलल्या, हे आम्हांला विशेष वाटते. १० जूनला मालक नमले.

पण सुट्टी मिळाली म्हणजे पगार मिळाला असे नव्हे. रोजंदारीवाल्याचा रविवार त्याच्याच खिशातून जाई. भरपगारी रजा कायद्यात यावयाला १९४५ साल उजाडले. पुढे १९४८ च्या कारखाने कायद्याने वर्षात २४० दिवस भरणाऱ्यास वीस दिवसांमागे एक दिवस रजा देणे मालकावर बंधनकारक केले. तेव्हा रजा द्यावीच लागते काय, या प्रश्नाचे उत्तर 'होय' असेच आहे. मेख आहे ती दिवसांच्या आकड्यात.

आमच्या कर्जत-खालापुरातला कातकरी दिवाळीनंतर उचल घेऊन वीटभट्टीवर जातो आणि पावसाच्या तोंडाशी परततो. त्याने २४० दिवस भरावयाचे कोठून? २०२० च्या संहितेने ही अट १८० वर आणली, हे बरेच झाले. परंतु भट्टीवर मजुरी ठरते हजार विटांमागे. दिवसांची मोजदाद सहसा कोणी ठेवीत नाही. एका भट्टीवर आम्ही हजेरीपत्रक मागितले, तेव्हा मालकाने पुढे केली ती उचलीची वही.