साडेपाच सुताचा पाना

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात मी वाढवणच्या घराच्या ओटीवर मित्राची मोटारसायकल उघडून बसलो होतो. इंजिनाचं तेल थंड करणारा कूलर बसवायचा होता. कूलरकडे जाणाऱ्या दोन जाळीदार होजपाईपांच्या टोकांना निळी-लाल ॲनोडाइज्ड फिटिंग्ज होती. अशी मोरपंखी निळाई तुम्ही रीलमध्ये शंभर वेळा पाहिली असेल. मित्राने ती मुंबईहून आणली होती, आणि तिची किंमत दर दहा मिनिटांनी तो मला ऐकवत होता.

नटाला १७ नंबरचा पाना लागेना. १८ चा लागला, पण खुळखुळत. जोर दिला तर घसरायला लागला. मग मी मोरीखालचा पाईप-पाना काढला, दातांचा. त्याने नट एका झटक्यात आवळला गेला. पाना काढला तेव्हा निळ्या रंगावर पांढऱ्या दातांच्या दोन रांगा दिसल्या, कुणी चावा घेतल्यासारख्या.

मी वर फडकं टाकलं. पण आजोबा दारात उभे होते. त्यांनी खिशातलं भिंग डोळ्याला लावलं, वाकले आणि म्हणाले, "हा ओरखडा नाही रे. ठसा आहे. तू पान्याने ठसा मारलायस."

आजोबा डायमेकर. वाढवण हे नाव तुम्ही बंदराच्या बातम्यांत ऐकलं असेल, पण वाढवण, वरोर, चिंचणी या पट्ट्यात मासेमारी आणि शेतीइतकाच डायमेकिंग हाही घरोघरचा धंदा आहे. पोलादाच्या ठोकळ्यावर कोरणीने उलटी नक्षी कोरायची, मग लाल होईपर्यंत तापवून पाणी द्यायचं, म्हणजे पोलाद कडक होतं. त्यावर सोन्याचा किंवा चांदीचा पातळ पत्रा ठेवून दाब दिला की पान, फूल, मोराची मान पत्र्यावर उमटते. मुंबईच्या सराफांच्या काचेमागे झळकणाऱ्या किती दागिन्यांची नक्षी आधी अशा एखाद्या ओटीवर उलटी कोरली गेली असेल, कुणी मोजलेलं नाही.

या किनाऱ्याला धातूवर उमटवण्याची सवय जुनी आहे. चिंचणीला गेल्या शतकात ताम्रपट सापडले. त्यातला एक शके ८४८ चा, म्हणजे इ.स. ९२६ चा, राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळातला. त्यात संजाणचा कारभार पाहणारा मधुमती नावाचा ताजिक अधिकारी आहे. मधुमती म्हणजे महंमद, असं अभ्यासक सांगतात. एका मठाला दिलेलं दान एका अरबी नावाच्या माणसाच्या कारकिर्दीत तांब्यावर कोरलं गेलं आणि हजार वर्षं टिकलं. तांबं मऊ म्हणून अक्षर उमटलं, आणि छिन्नी कडक म्हणून ते उमटवता आलं.

आजोबांचं सगळं शास्त्र एवढंच. दोन धातू भेटले की कडक धातू मऊवर लिहितो. डायवर केसाएवढी रेघ राहिली तर ती त्या डायच्या प्रत्येक दागिन्यावर येते. म्हणून त्यांच्या टेबलावर पॉलिशच्या फडक्याला कुणी हात लावायचा नाही. त्यात वाळूचा एक कण गेला तरी आठवड्याचं काम वाया.

पण माझ्या निळ्या नटाने त्यांनाही कोड्यात टाकलं. त्यांनी नखाने खरवडून पाहिलं, निळाई निघेना. मग सुई घेतली, तीही सरकली. "वरून कडक आहे," ते म्हणाले, "मग दात उमटले कसे?"

त्या रात्री मी मोबाईलवर वाचत बसलो. १९०६ साली जर्मनीत आल्फ्रेड विल्म अल्युमिनियममध्ये तांबं आणि थोडं मॅग्नेशियम घालून, तापवून, पाण्यात बुडवून बघत होता. पोलाद बुडवताक्षणी कडक होतं. याचा मिश्रधातू तेव्हा मऊच राहिला, आणि पुढच्या काही दिवसांत नुसता पडल्यापडल्या कडक झाला. (आजोबांना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ हसले. पाणी दिल्यावर झोप काढून कडक होणारा धातू त्यांनी ऐकला नव्हता.) तो म्हणजे ड्युरॅल्युमिन. विमानं त्याची झाली. पण समुद्रावर उतरणाऱ्या विमानांना खारं पाणी लागलं की हा धातू खड्डे पडून सडायचा. त्यावर १९२३ साली इंग्लंडमध्ये बेंगॉफ आणि स्टुअर्ट यांनी उपाय काढला. भाग क्रोमिक आम्लाच्या टाकीत बुडवायचा आणि त्यातून वीज सोडायची. मग अल्युमिनियम स्वतःच्याच अंगावर ऑक्साइडचा थर चढवतं. १९२७ मध्ये गंधकाम्लाची पद्धत आली आणि आजचं बहुतेक ॲनोडायझिंग त्याच वाटेने होतं. थराला बारीक छिद्रं असतात, त्यांत रंग मुरतो, मग गरम पाण्यात छिद्रं बंद करतात. आपली मोरपंखी निळाई ती हीच.

म्हणजे हा थर खाऱ्या पाण्यासाठीच जन्मला. आमच्या घरापासून समुद्र हाकेवर आहे. इथे सायकलची साखळी पावसाळाभर टिकत नाही. थर फुटलेल्या नटाचं काय होईल, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

माणिक आणि नीलम हेसुद्धा अल्युमिनियमचं ऑक्साइडच. नटावरचा थर माणकाइतका कडक नाही, पण घराणं तेच. मात्र तो असतो साधारण ५ ते २५ मायक्रॉन, माणसाच्या केसाहूनही पातळ, आणि खाली मऊ अल्युमिनियम. आजोबांच्या कोड्याचं उत्तर इथे होतं. गादीवर काच ठेवून बोटाने दाबली तर काचेला ओरखडा येत नाही, गादी दबते आणि काच तडकते. सुई वरच्या काचेवर सरकली. पान्याच्या दातांनी गादी दाबली.

सकाळी हे सांगितलं तर आजोबा लगेच पान्याकडे वळले. दातांचा पाना गोल पाईप धरण्यासाठी आहे. अमेरिकेत डॅनियल स्टिलसनने तो १८७० च्या आसपास आणला, पाईपला चावायलाच. षटकोनी नटाला दातांची गरजच नसते, त्याला सपाट बाजू आहेत. स्वीडनच्या योहान पेटर योहानसनने १८९२ च्या सुमारास जो सरकत्या जबड्याचा पाना केला, ज्याला आपण स्क्रू-पाना म्हणतो, त्याचे जबडे गुळगुळीत आहेत ते म्हणूनच. पण आजोबांना तोही पसंत नव्हता. त्यांनी आमच्या स्क्रू-पान्याच्या जबड्यावरून कापसाचा बोळा फिरवला. दोन ठिकाणी तंतू अडकले. "इथे बूर आहे. ही तुझी कोरणी." शिवाय जबडा सैल पडतो आणि सैल जबडा सपाट बाजूला न बसता कोपऱ्यावर बसतो. मार तेवढाच, पण जागा लहान झाली की ठसा खोल जातो.

मग त्यांनी नट मापला आणि मला म्हणाले, "तुझा अठराचा पाना कसा लागेल? हा साडेपाच सूत आहे."

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. १९५६ च्या कायद्याने देश मेट्रिक मापांकडे वळला, पण सुतार, गवंडी आणि आजोबा यांच्या तोंडी सूत राहिलं. साडेपाच सूत म्हणजे ११/१६ इंच, म्हणजे १७.४६ मिलिमीटर. सतरा जात नाही आणि अठरात अर्ध्या मिलिमीटरहून जास्त फट राहते. या फिटिंग्जचं माप इंचाचंच, कारण दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेच्या लष्कराने आणि नौदलाने मिळून ते ठरवलं. म्हणून नाव 'एएन', आर्मी-नेव्ही. त्यावरचा आकडा नळीचं माप इंचाच्या सोळाव्या भागांत सांगतो. आमचं सहा नंबरचं, म्हणजे नळी ६/१६ इंच. आत ३७ अंशांचे दोन शंकू एकमेकांवर बसतात आणि तेल अडवतात. तिथे ताकद लागत नाही, शंकू स्वच्छ लागतात. मी पाईप-पान्याने केलं ते अन्यायकारक तर होतंच, निरुपयोगीही होतं.

आता थोडं अवघड सांगतो. तेव्हा माझं आणि आजोबांचं फारसं बोलणं नव्हतं. मी आयटीआय केलं होतं आणि हायड्रॉलिक दुरुस्तीचा कोर्स करायचं ठरवलं होतं. बंदर झालं तर क्रेन येतील, क्रेनला होज असतील, होजला फिटिंग्ज. आजोबांनी बंदराचा पहिला प्रस्ताव पाहिलेला. १९९१ मध्ये डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर झाला, १९९६ मध्ये न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारींच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण आलं, आणि १९९८ मध्ये त्याने बंदराला नकार दिला. आजोबांच्या लेखी विषय तिथेच मिटला होता. पण जुलै २०२३ मध्ये त्याच प्राधिकरणाने अटी घालून परवानगी दिली. जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ७६,२२० कोटींचा प्रकल्प मंजूर केला आणि ३० ऑगस्टला पालघरला भूमिपूजन झालं. विरोधाच्या सभांना मच्छीमारांबरोबर डायमेकरही जायचे. आजोबा जायचे. मी कोर्सचा फॉर्म आणला त्या दिवशी ते जेवले नाहीत.

खरं तर त्यांच्या धंद्याला बंदराआधी संगणकाने धक्का दिला होता. जी नक्षी कोरायला त्यांना चार दिवस लागायचे ती मशीन एका रात्रीत कोरतं. पण हे त्यांना सांगायची माझी हिंमत नव्हती, आणि त्यांना ते माझ्याआधीच माहीत होतं.

बाजारात या फिटिंग्जसाठी अल्युमिनियमचे पाने मिळतात. मी किंमत पाहून फोन बंद केला होता. आजोबांनी बोईसरच्या भंगारातून अल्युमिनियमची जाड पट्टी मागवली. सोन्याचा पत्रा डायवर बसवताना ते वर शिशाचा तुकडा ठेवून मग हातोडा मारत, कारण कडक आणि नाजूक यांच्यामध्ये काहीतरी मऊ पाहिजे. इथेही तेच. पान्याने नटाला चिरडण्याऐवजी स्वतः थोडं झिजावं. तीन दिवस ते कानशीने जबडा घासत होते, नट लावून बघत होते, पुन्हा घासत होते. कडा मोडल्या, आतल्या बाजू पोलादासारख्या चमकवल्या. दांडा मुद्दाम आखूड ठेवला. "लांब ठेवला तर तू जोर लावशील."

नवा नट आणला. थेंबभर तेल आट्यांना लावलं, फडक्याने बोटं पुसली, मागचं फिटिंग दुसऱ्या पान्याने धरून ठेवलं म्हणजे पाईप पिळला जाणार नाही. पाना बसला तो खुळखुळला नाही. हाताने फिरेल तिथवर फिरवला, मग पान्याने थोडासाच. इंजिन चालू केलं, तेल गळलं नाही. निळाईवर काही नव्हतं.

कोर्स मी केला. पाना माझ्या पेटीत असतो. बाकीचे विचारतात, दांड्यावर हे काय कोरलंय. आजोबांनी तिथे जुन्या पद्धतीने पाच आणि दोन दंड काढलेत, ५॥, म्हणजे साडेपाच. दंड डायवरच्या नक्षीइतके साफ आहेत. फक्त हा आकडा त्यांनी उलटा कोरला नाही.