बिर्याणी उरली, चुरमुरे संपले

मोठ्या मुलीची बिस्मिल्लाह केली तेव्हा आम्ही कल्याणला दूधनाक्याजवळ राहत होतो आणि ती डोंबिवलीच्या एका बालवाडीत जात होती. मूल चार वर्षं, चार महिने, चार दिवसांचं झालं की त्याच्याकडून 'इक्रा' म्हणवून घेतात, पाटीवर पहिलं अक्षर गिरवायला लावतात. मुस्लिम वाचकांना हे सांगायला नको. इतरांसाठी एवढंच, की हा आमच्याकडचा श्रीगणेशा.

मी हौसेने बालवाडीतल्या अकरा मुलांनाही बोलावलं. नातेवाइकांसाठी मटण बिर्याणीची देग, मुलांसाठी वेगळ्या पातेल्यात भाज्यांचा पुलाव, केक बिनअंड्याचा. जेलीच्या गोळ्या मात्र जिलेटिनच्या शंकेने आम्हीच बाद केल्या. सगळ्यांचा विचार झाला, असं मला वाटत होतं.

मुलं आली, नाचली. ताटं मांडायची वेळ आली तशा एकेक आई म्हणू लागल्या, "आम्ही घरूनच खाऊन आलोय हो." केक थोडाफार गेला. पुलावाला कुणी हात लावला नाही. अम्मीने कोपऱ्यात चुरमुरे, फुटाणे, बत्तासे आणि रेवड्यांची परात ठेवली होती, ती पंधरा मिनिटांत रिकामी झाली. रात्री मुलीने विचारलं, "पुलाव चांगला नव्हता का?" मी म्हटलं, त्यांची पोटं भरलेली होती. तिला पटलं. मला नाही.

पुढच्या जानेवारीत त्यांच्यातल्याच एका आईने आम्हाला बोरन्हाणाला बोलावलं. संक्रांत ते रथसप्तमीच्या दिवसांत लहान मुलाला हलव्याचे दागिने घालून बसवतात आणि डोक्यावरून बोरं, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, चुरमुरे ओततात. बाकीची मुलं त्यावर तुटून पडतात. आमचीही पडली. फ्रॉकच्या ओच्यात तिने जे घरी आणलं त्यात निम्मं अम्मीच्या परातीतलंच होतं.

तेव्हापासून मी या गोष्टीच्या मागे लागलो. वाढदिवसाला आपण उर्दूत सालगिरह म्हणतो. साल म्हणजे वर्ष, गिरह म्हणजे गाठ. दर वर्षी दोऱ्याला एक गाठ मारायची. दख्खनी मुसलमानांच्या चालीरीतींवर जाफर शरीफ यांनी लिहिलेला 'कानून-ए-इस्लाम' 1832 मध्ये इंग्रजीत छापला गेला, त्यात बिस्मिल्लाह आणि सालगिरह दोन्ही आहेत. त्याआधी अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'त शाही तुलेचं वर्णन केलं आहे. अकबराच्या तुलेत सोन्यारेशमाबरोबर तूप, सात प्रकारची धान्यं आणि मीठही असे. शहजाद्यांची तुला दुसऱ्या वर्षी सुरू होई, तीही एकाच वस्तूने, मग दर वर्षी एक वस्तू वाढे. आणि तोललेलं सगळं वाटून टाकायचं. म्हणजे ज्याचा वाढदिवस त्याच्या घरातून खाणं बाहेर जायचं. पाहुण्यांना पंगतीत बसवणं हा त्याचा गाभा नव्हता.

वाटण्याचं खाणं कोरडं असतं, आणि आपल्या मुलखात कोरड्या खाण्याला मोकळीक होती. पाण्यात शिजलेला भात कुणाच्या हातचा, कुणाच्या भांड्यातला, हे सोवळ्यात काटेकोर पाहिलं जाई. भट्टीत भाजलेले चुरमुरे-फुटाणे त्या मानाने सुटत. माझा पुलाव शाकाहारी होता खरा, पण तो शिजलेला होता, आणि शेजारीच बिर्याणीची देग होती, भटारी एकच. हे मला आधी सुचायला हवं होतं.

बसून खाण्यावरून केवढं रान उठतं त्याचा नमुना पुण्याचा आहे. ऑक्टोबर 1890 मध्ये पंचहौद मिशनमध्ये काही मंडळींपुढे चहा-बिस्किटं आली. त्यांत रानडे होते, टिळकही होते. पुढे नावं वर्तमानपत्रात छापली गेली, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं आणि 1892 मध्ये रानड्यांनी प्रायश्चित्त घेतलं. हा घाट घालणारे गोपाळराव जोशी म्हणजे डॉ. आनंदीबाईंचे यजमान, आणि आनंदीबाईंचं माहेर आमच्या कल्याणचं. पोरांच्या पार्टीत आज बिस्किटाला कुणी नाही म्हणत नाही. एका बिस्किटाला तिथवर यायला किती वर्षं लागली, हे वर्गात सांगितलं की मुलं हसतात.

मला हसू येत नाही, कारण धाकट्याची बिस्मिल्लाह तोंडावर आली आहे. आता आम्ही ठाण्याला राबोडीत राहतो, आणि त्याचे बालवाडीतले दोस्त नऊ. अम्मीचा हुकूम सुटला आहे, "बच्चों को बिठाओ मत, झोली भरके भेजो." बोरं मिळाली तर बोरं, नाहीतर खजूर, रेवड्या, चुरमुरे, राजगिऱ्याचे लाडू, आणि प्रत्येकाला घरी न्यायला कापडी पिशवी. बिर्याणी रात्री, घरच्यांपुरती.

बायको म्हणते, हे म्हणजे आपल्या हातचं शिजलेलं कुणी खाणार नाही असं आपणच आधी मान्य करून टाकणं झालं. तिचं चुकत नाही. त्या बोरन्हाणवाल्या ताईंना मी परवा फोनवर सरळच विचारलं. त्या थोडं थांबून म्हणाल्या, "सर, तेव्हा सासूबाई होत्या." मग म्हणाल्या, "थोडा पुलाव करा."

एक किलो तांदूळ यादीत लिहिला आहे. पातेलं नवं आणायचं का, यावर घरात अजून वाद चालू आहे.