चौदा ते अठरा : कायद्यात हरवलेले वय

गिरणीचा भोंगा झाला की मोठ्यांच्या पाठोपाठ मुलेही आत शिरत. साच्यावरच्या भरलेल्या बॉबिन काढायच्या, रिकाम्या चढवायच्या; या कामाला लहान, चपळ हात लागत. १८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईत कापडगिरणी काढली. त्या हातांचे वय विचारायला कायद्याला आणखी २७ वर्षे लागली.

१८८१च्या फॅक्टरी कायद्याने ७ वर्षांखालील मुलांना बंदी केली. ७ ते १२ वयाच्या मुलांना ९ तास काम, मध्ये तासभर विश्रांती, महिन्याला ४ सुट्या. आणि धोक्याच्या यंत्रांना कठडे. यामागे कळवळा होता, तसा मुंबईच्या स्पर्धेला धास्तावलेल्या मँचेस्टरच्या मालकांचा रेटाही होता. पण बारा वर्षे उलटलेला मुलगा थेट प्रौढ ठरला, आणि प्रौढाच्या तासांना मर्यादाच नव्हती.

१८८४मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत कामगारांच्या सभा घेतल्या. साडेपाच हजार सह्यांच्या अर्जात रविवारची सुटी आणि दुपारी अर्धा तास विश्रांती मागितली होती. शिवाय, कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार आणि कायमचा अधू झाल्यास निर्वाहाची सोय. ही मागणी मला सर्वांत मोलाची वाटते. तिच्यात दयेची याचना नाही. हक्काची भाषा आहे. रविवारची सुटी मालकांनी १८९०मध्ये मान्य केली.

१८९१च्या कायद्याने मुलाचे वय ९ ते १४ केले, तास ७ केले. चौदा सरली की तो पुन्हा मोठ्यांच्या रांगेत! 'किशोर' हा वेगळा वर्ग उजाडायला १९३४ साल यावे लागले. पंधरा ते सतरा वयाच्या मुलाला डॉक्टरांच्या दाखल्याशिवाय मोठ्यांचे काम देता येईना. १९४८च्या कायद्याने ही मर्यादा अठरापर्यंत नेली. धोकादायक यंत्रावर उभे करण्याआधी धोका समजावणे आणि काम शिकवणे सक्तीचे केले. २०१६च्या दुरुस्तीने चौदा ते अठरा वयाच्या मुलांना खाणी, स्फोटके आणि घातक प्रक्रियांच्या कामातून बाहेर काढले.

कायदा असा पायरीपायरीने चढत आला. पण एखाद्या छोट्या कारखान्यात सोळा वर्षांच्या पोराचे बोट कापले जाते, तेव्हा पहिला प्रश्न येतो, 'त्याचे लक्ष कुठे होते?' लोखंड्यांच्या अर्जाने तेव्हाच वेगळे विचारले होते : तो बरा होईपर्यंत त्याच्या घरची चूल कोण पेटवणार?