पाच शिलिंग कुणाच्या हातात?

आजोबांचा पगार आजीच्या हातात पडेपर्यंत निम्मा झालेला असे. म्हणूनच ब्रिटनच्या १९४५ सालच्या कुटुंबभत्ता कायद्याची हकिगत वाचताना मला आजी आठवली.

पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैनिकांच्या बायकांना सरकारी भत्ता मिळे आणि मुलांच्या संख्येप्रमाणे तो वाढे. लिव्हरपूलमध्ये हे काम पाहणाऱ्या एलिनॉर रॅथबोन यांचं म्हणणं असं, की मजुरी कामावर ठरते. घरात खाणारी तोंडं किती, हे मालक विचारत नाही. १९२४ साली त्यांनी यावर पुस्तक लिहिलं. पुढे खासदार झाल्यावरही त्यांनी हा विषय सोडला नाही.

१९४२ च्या बेव्हरिज अहवालानं पहिलं मूल वगळून मुलामागे आठवड्याला सरासरी आठ शिलिंगांची शिफारस केली. कायद्यात उरले पाच. शिवाय मसुद्यात ही रक्कम बापाच्या हक्काची होती! रॅथबोन अडून बसल्या. पैसा आईला मिळणार नसेल, तर आयुष्यभर ज्यासाठी झटलो त्या विधेयकाविरुद्ध मत देऊ, असं त्यांनी बजावलं. अखेर मसुदा बदलला.

ऑगस्ट १९४६ मध्ये आयांना पहिले पैसे मिळू लागले. ते पाहायला रॅथबोन नव्हत्या. त्याच जानेवारीत त्यांचं निधन झालं होतं. पहिल्या मुलाचा हक्क मान्य व्हायला तर १९७७ साल उजाडलं.

पाच शिलिंगांत पोर वाढत नाही, हे खरं. पण तेवढ्यापुरता तरी आईला कुणापुढे हात पसरावा लागला नाही. आजीला याचं मोल कुणी समजावून सांगावं लागलं नसतं.