पडद्याच्या जागी आवाज

साउंड कार्डाचा इतिहास बहुधा खेळ आणि संगीत यांच्या अंगाने सांगितला जातो. सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीने १९८९ मध्ये साउंड ब्लास्टर बाजारात आणले, तोवर जेमतेम 'बीप' करणारा घरगुती संगणक गाऊ-वाजवू लागला आणि पुढे आवाज अधिकाधिक शुद्ध होत गेला, असा त्याचा आराखडा. याच यंत्रभागाचा दुसरा इतिहास स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्राम, वापरणाऱ्या अंध माणसांचा आहे. त्यांच्यासाठी साउंड कार्ड मॉनिटरचे काम करत आले. डोळस माणसाच्या संगणकाचा आवाज गेला तर त्याचे गाणे थांबते. अंध माणसाच्या संगणकाचा आवाज गेला तर त्याचे सगळे कामच थांबते. म्हणून त्याने कार्ड निवडताना लावायच्या कसोट्या जाहिरातींतल्या कसोट्यांपेक्षा वेगळ्या असतात. आवाज किती गोड, यापेक्षा तो किती तत्पर आणि किती भरवशाचा, हे त्याच्यासाठी अधिक मोलाचे. गेल्या चाळीस वर्षांचा इतिहास याच निष्कर्षाकडे नेतो.

सुरुवातीला अंध वापरकर्त्याच्या संगणकात साउंड कार्ड नव्हतेच. डॉसच्या काळात बोलण्याचे काम स्वतंत्र वाचायंत्र करत असे. संगणकाने केबलमधून अक्षरे पाठवायची आणि यंत्राने ती उच्चारायची, अशी ही वाटणी होती. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनचे १९८४ चे डेकटॉक हे त्यातले सर्वांत नावाजलेले यंत्र. त्याची किंमत चार हजार डॉलरच्या आसपास होती. त्या वेळच्या विनिमय दराने ती पंचेचाळीस हजार रुपयांच्या घरात जाते, आयात शुल्क वेगळे. एवढे महाग असूनही या यंत्रांत एक मोठा गुण होता. त्यांच्या आवाजात दुसऱ्या कुणाचा वाटा नसे. कळ दाबली की चालू वाक्य जागीच तुटे आणि नवे सुरू होई. संगणक दुसऱ्या कामात गुंतला तरी यंत्राची वाचा शाबूत राही. अंध वापरकर्त्याची खरी गरज काय, हे या जुन्या यंत्रांनीच पहिल्यांदा दाखवून दिले.

पुढे प्रोसेसर वेगवान झाले, तसे बोलण्याचे काम सॉफ्टवेअरकडे आले. टेड हेंटर यांच्या कंपनीचा जॉज हा स्क्रीन रीडर १९८९ मध्ये डॉससाठी आणि १९९५ मध्ये विंडोजसाठी आला. आता वेगळे यंत्र न घेता साध्या साउंड कार्डातून बोलणे ऐकता येऊ लागले. खर्च खूप उतरला, पण एक नवी अडचण उभी राहिली. त्या काळातली बरीच कार्डे एका वेळी एकाच प्रोग्रामला आवाज काढू देत. स्क्रीन रीडरने कार्ड धरले की गाणे वाजत नसे, आणि गाण्याने धरले की स्क्रीन रीडर मुका होई. त्यावर उपाय दोनच: संगणकात दोन कार्डे बसवायची, नाहीतर १९९८ च्या साउंड ब्लास्टर लाइव्हसारखे, अनेक आवाज स्वतःच मिसळणारे कार्ड घ्यायचे. खेळांसाठी बनवलेल्या कार्डाचा हा गुण अंध माणसाच्या रोजच्या कामाचा आधार ठरला. विंडोज ९८ ची दुसरी आवृत्ती आणि विंडोज २००० यांनी ही मिसळणी कार्यप्रणालीतच आणली, तेव्हा दुसऱ्या कार्डाची सक्ती संपली. आज एनव्हीडीए या मोफत स्क्रीन रीडरमध्ये एका कानात वाचक आणि दुसऱ्या कानात बाकीचे आवाज अशी विभागणी करता येते. एके काळी ज्यासाठी दोन कार्डे लागत, ते आता एका सेटिंगवर भागते.

इंटेलने १९९७ मध्ये एसी'९७ आणि २००४ मध्ये एचडी ऑडिओ हे मानक आणले. मदरबोर्डावरच आवाजाची सोय होऊ लागली आणि बहुतेकांना वेगळे कार्ड घेण्याचे कारण उरले नाही. अंध वापरकर्त्यापुढे मात्र ड्रायव्हरचा, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा, प्रश्न उभा राहिला. विंडोज नव्याने टाकले आणि कार्डाचा ड्रायव्हर सापडला नाही, तर संगणक गप्प. तो का गप्प आहे हे सांगणारी सूचना पडद्यावर येते, पण ती वाचून दाखवणारा आवाजच नसतो. अशा वेळी शेजारी डोळस माणूस शोधण्यावाचून गत्यंतर नसे. या कोंडीतून वाट काढली ती यूएसबीच्या ध्वनी मानकाने. त्याला अनुसरणारे छोटे कार्ड विंडोज ९८ च्या पिढीपासून वेगळ्या ड्रायव्हरविना चालते. ते संगीतासाठी सामान्य असेल, पण कोणत्याही संगणकात खोचले की बोलते. अंध माणसाच्या हिशेबात या गुणाला फार वरची जागा आहे.

यावर एक आक्षेप येतो. महाग कार्डातून उच्चार स्पष्ट ऐकू येतील आणि दिवसभर ऐकणाऱ्याला तेच हवे, असे म्हटले जाते. आकडे या समजाला दुजोरा देत नाहीत. एनव्हीडीएसोबत येणारा ईस्पीक हा वाचासंश्लेषक सेकंदाला २२,०५० नमुन्यांच्या दराने आवाज तयार करतो. ऑडिओ सीडीचा दर याच्या दुप्पट म्हणजे ४४,१०० आहे, आणि तेवढा दर १९९२ च्या साउंड ब्लास्टर १६ लाही साधत होता. तेव्हा १,९२,००० नमुन्यांच्या कार्डातून ईस्पीक ऐकणाऱ्याला जास्तीचा तपशील मिळत नाही, कारण मुळात तो तयारच झालेला नसतो. आक्षेपात तथ्य आहे ते दुसऱ्या अंगाने. हेडफोनच्या वाटेवर सततची खरखर असेल, तर वाढवलेल्या वेगात ऐकणाऱ्याचे कान आणि डोके दोन्ही थकतात. तेव्हा स्वच्छ, शांत हेडफोन जोडणीवर पैसे जरूर खर्च करावेत. नमुन्यांच्या आकड्यांवर करू नयेत.

दुसरा आक्षेप असा, की हे सगळे प्रश्न आता सुटले असून कोणताही लॅपटॉप घेतला तरी चालतो. साध्या लेखन-वाचनापुरते हे बरेचसे खरे आहे. पण जुन्या अडचणी नव्या रूपात टिकून आहेत. वीज वाचवण्यासाठी आजची ध्वनी यंत्रणा काही क्षण शांतता मिळताच झोपी जाते आणि जागी होताना पहिले अक्षर गिळते. 'नको' मधला 'न' गेला तर अर्थाचा अनर्थ होतो. ब्लूटूथ हेडफोनमध्ये आवाज शंभर-दोनशे मिलिसेकंद उशिरा पोहोचू शकतो. गाणे ऐकताना ते कळतही नाही, पण प्रत्येक कळीला उत्तर हवे असणाऱ्याची टंकलेखनाची लय त्याने मोडते. ध्वनिमुद्रणाचे काही प्रोग्राम कार्डावर एकट्याचा ताबा मागतात आणि १९९५ ची स्थिती परत येते. संगीताचे काम करणाऱ्या अंध कलावंताला म्हणून आजही दोन स्वतंत्र ध्वनिमार्ग ठेवणे हिताचे ठरते.

मराठी वाचकाच्या बाबतीत या कथेला आणखी एक पदर आहे. डॉसच्या पडद्यावर देवनागरी उमटत नव्हती, तेव्हा आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकने वाढवलेले जिस्ट तंत्रज्ञान कार्डाच्या रूपात संगणकात बसवले गेले. डोळ्यांसाठी मराठी आणणारे कार्ड असे आपल्याकडे लवकर आले. कानांसाठी मराठी यायला त्यानंतर बराच काळ गेला. युनिकोडपूर्वीच्या फॉन्टांत टंकलेला मजकूर आतून रोमन अक्षरांचे संकेतच असे, त्यामुळे उत्तमातल्या उत्तम कार्डातूनही निरर्थक अक्षरेच ऐकू येत. युनिकोड रुळले, 'ध्वनी' आणि ईस्पीक यांसारखे मुक्त संश्लेषक मराठी उच्चारू लागले, तेव्हा कुठे त्या कार्डाला मराठीत सांगण्यासारखे काही मिळाले. आजही जुन्या फॉन्टात अडकलेला मराठी मजकूर अंध वाचकाला बंदच आहे, आणि तो दोष कोणत्याही हार्डवेअरने भरून निघणार नाही.

या इतिहासातून निवडीचा क्रम स्पष्ट होतो. आधी तत्परता, मग अखंडपणा, मग ड्रायव्हरविना चालण्याची सोय, मग स्वच्छ हेडफोन जोडणी. बाकीचे आकडे त्यानंतर. ज्याला परवडेल त्याने मूळ यंत्रणेखेरीज एक यूएसबी कार्ड राखीव ठेवावे. पण ही जबाबदारी एकट्या वापरकर्त्यावर टाकणे बरोबर नाही. गावोगावच्या शाळा, वाचनालये आणि संगणक वर्ग यांनी निदान एक यूएसबी साउंड कार्ड, एक तारेचा हेडफोन आणि पेनड्राइव्हवर एनव्हीडीएची प्रत ठेवली, तर कोणत्याही टेबलावरचा विंडोज संगणक अंध विद्यार्थ्याला वापरता येईल. यासाठी अनुदानाची किंवा समितीची वाट पाहावी लागत नाही. पुढच्या खरेदीच्या यादीत या वस्तू लिहिल्या तरी पुरे.