बुश, जुन्या मोटारगाडीतील

मोटारगाडीच्या निलंबनात जेथे एक भाग दुसऱ्यावर हेलकावतो, तेथे पिन व तिचे भोक यांच्या दरम्यान बसविलेली नळीसारखी बाही. झीज आपण सोसून महागडे भाग वाचविणे हे तिचे काम असल्याने ती कालांतराने बदलावीच लागते.

ही कल्पना मोटारीहून जुनी आहे. ओबादाया एलियट यांनी १८०४ मध्ये इंग्लंडमध्ये घोडागाडीच्या लंबवर्तुळाकार पाट्यांचे एकस्व घेतले. पहिल्या मोटारींनी पाटे तेथूनच उचलले. पाट्यांच्या टोकांशी धातूचे बुश व वंगण असे. चार्ल्स गुडइयर यांना रबराच्या व्हल्कनीकरणाचे एकस्व १८४४ मध्ये मिळाले, तरी रबरी बुश रूढ झाले ते विसाव्या शतकातच.

महाराष्ट्रात या दोन्ही पद्धती नांदल्या. मुंबईत १९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्र कंपनीने विलिस जीपच्या जुळणीस आरंभ केला. या जीपच्या शॅकलला आट्यांचे धातूचे बुश असून काही ठिकाणी आटे डावे असतात. हे ध्यानात न घेता पाना फिरविल्यास आटे जातात. १९८२ मध्ये गडचिरोली वेगळा होण्यापूर्वीच्या अखंड चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाहीसारख्या धानशेती व जंगल यांच्या सीमेवरील भागात, मुरमाच्या वाटांवर जीपच उपयोगी पडे. धूळ व चिखल यांमुळे ग्रीज भरण्यात हयगय झाली, की बुश व पिन दोन्ही खात. उलट कुर्ल्यास तयार झालेल्या फियाट ११०० व पुढे प्रीमियर पद्मिनी या गाड्यांना पुढे विशबोन व गुंडाळी स्प्रिंगा आणि मागे पाटे होते. मुंबईच्या टॅक्सीसेवेतून पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली.

जीपच्या सवयीने रबरी बुशालाही ग्रीज चोपडण्याची चाल पडली. ती घातकच, खनिज तेलाने नैसर्गिक रबर फुगून मऊ पडते. अशा बुशात घर्षण अपेक्षितच नसते. आतली नळी घट्ट आवळलेली राहते आणि रबर स्वतः पिळले जाते. म्हणून गाडी जॅकवर असताना बोल्ट शेवटचा आवळू नये. चाके जमिनीवर टेकवून, भार आल्यावर आवळावा. अन्यथा रबर कायमचे पिळलेले राहून लवकर फाटते. जुना बुश हातोड्याने ठोकून काढल्यास पाट्याचे भोक बिघडते. दाबयंत्र नसेल तेथे लांब बोल्ट, नट व नळीचा तुकडा यांनी तो ओढून काढता येतो. झिजलेल्या बुशाने सुकाणू भरकटते आणि टायर एका बाजूने खातात. खडखडाट त्यामानाने क्षुल्लक होय.

पॉलियुरेथेनाचे बुश अधिक टिकतात, परंतु कडकपणामुळे हादरे सांगाड्यापर्यंत पोहोचवितात. जुन्या गाडीची चाल जपावयाची असल्यास रबरच बरे. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या व मूळ स्वरूपातील गाड्यांना स्वतंत्र नोंदणी मिळते. सांगाडा, बाह्यांग अथवा एंजिन यांत फेरफार केल्यास ती नाकारली जाते. बुश बदलणे या फेरफारांत मोडत नाही.