कॅराव्हॅनमधील बॅटरी आणि फ्रिज : बिघाडाचे निदान

झोपण्याची आणि स्वयंपाकाची कायम सोय असलेल्या मोटारगाडीला कॅराव्हॅन म्हणतात. तिच्यात विजेच्या दोन व्यवस्था असतात. एक बॅटरी इंजिन सुरू करते; दुसरी, म्हणजे घरची बॅटरी, दिवे, पंखा, पाण्याचा पंप आणि फ्रिज चालवते. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. मात्र जुनी मिनीबस किंवा टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन कारागिराकडून आत घर बसवून घेतलेल्या गाड्याही रस्त्यावर असतात आणि त्या पुन्हा विकल्या जातात. अशी गाडी परळी वैजनाथ, अंबाजोगाई किंवा पाटोदा तालुक्यातले नायगाव मयूर अभयारण्य पाहायला बीड जिल्ह्यात आली, की तिची खरी परीक्षा होते. एप्रिल-मे महिन्यांत इथला पारा चाळिशी ओलांडतो, बालाघाटाच्या डोंगररांगांत गाडी उतारावर उभी करावी लागते आणि मुक्कामाला विजेची जोडणी मिळेलच असे नसते. अशा वेळी पहिली तक्रार येते ती फ्रिज थंड होत नसल्याची. या नोंदीचे प्रतिपादन असे, की ही तक्रार फ्रिजची दिसत असली तरी तिचे मूळ आधी विजेत शोधावे. निदान बॅटरीपासून सुरू करून वायरीमार्गे फ्रिजपर्यंत न्यावे, उलट दिशेने नव्हे.

हा आग्रह खर्चापुरता नाही. बॅटरीचे आणि वायरीचे माप घेतल्याने काही बिघडत नाही. फ्रिजचा गॅस बदलल्याने बिघडू शकते. घरगुती फ्रिज दुरुस्त करणारा मेकॅनिक सवयीने गॅस तपासण्यापासून सुरुवात करतो. गाडीतल्या छोट्या कॉम्प्रेसर फ्रिजमध्ये मात्र गॅस साधारणपणे शंभर ग्रॅमच्याही आत असतो आणि नळ्या कारखान्यातच कायमच्या बंद केलेल्या असतात. ती नळी एकदा कापली की थोडा कमी-जास्त भरलेला गॅस आणि आत शिरलेला दमटपणा हे नवे दोष कायमचे मागे लागतात. दुसरीकडे बॅटरीवाला नवी बॅटरी सुचवतो. दोघेही आपापल्या जागी प्रामाणिक असतील, पण बॅटरी आणि फ्रिज यांच्यामधली वायर कोणाच्याच कामात मोडत नाही. जुन्या गाडीत दोष लपायला हीच जागा सर्वांत सोयीची.

पहिली पायरी बॅटरीची. शिशाच्या १२ व्होल्टच्या बॅटरीत सहा कप्पे असतात. पूर्ण भरलेली बॅटरी काही तास विनाभार ठेवल्यावर १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते, १२.१ ते १२.२ म्हणजे ती निम्मी रिकामी. पण व्होल्टमीटरवर १२.६ दिसले म्हणजे बॅटरी धडधाकट आहे असे ठरत नाही. जुन्या बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेटचा कठीण थर चढलेला असतो. ती चटकन भरल्यासारखी दिसते आणि तितक्याच चटकन रिकामी होते. म्हणून क्षमता मोजावी. १०० एएचची (अँपिअर-तासांची) बॅटरी पूर्ण भरून तिच्यावर सतत ५ अँपिअरचा भार लावला, तर १०.५ व्होल्टपर्यंत उतरायला तिला सुमारे २० तास लागले पाहिजेत. ती आठ तासांत उतरली, तर लेबलावर काहीही छापलेले असो, हातात ४० एएचच उरलेले आहेत. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीला व्होल्टवरून जोखता येत नाही, कारण तिचा व्होल्टेज जवळपास शेवटपर्यंत १३.२ च्या आसपास टिकतो आणि मग तिची संरक्षक यंत्रणा एकाएकी पुरवठा तोडते. तिच्या बाबतीत क्षमतेची चाचणी हाच पुरावा.

दुसरी पायरी वायरीची, आणि या नोंदीतले सर्वांत महत्त्वाचे माप इथेच आहे. घराच्या वायरिंगमधली एक स्क्वेअर मिलिमीटरची वायर गाडीत वापरलेली अनेकदा आढळते. २३० व्होल्टवर ती दिव्यांना चालते. १२ व्होल्टवर तीच वायर गळा आवळते. फ्रिज बॅटरीपासून सहा मीटरवर असेल, तर जाऊन-येऊन बारा मीटर तांबे होते. त्याचा रोध साधारण ०.२२ ओहम. कॉम्प्रेसर ५ अँपिअर ओढत असताना १.१ व्होल्ट वायरीतच खर्च होतात. भाराखाली बॅटरी ११.७ वर असेल, तर फ्रिजपाशी १०.६ पोचतात. सुरू होताना झटका बसला की आकडा त्याहून खाली जातो. डॅनफॉसच्या, आता सेकॉप नावाने मिळणाऱ्या, बीडी मालिकेतील कॉम्प्रेसरचा नियंत्रक कारखान्यातल्या मांडणीनुसार १०.४ व्होल्टला बंद होतो आणि ११.७ ला परत सुरू होतो. त्याला दिवा जोडलेला असेल तर एकदाच होणारी उघडझाप हीच गोष्ट सांगते: बॅटरीच्या संरक्षणासाठी बंद. म्हणजे फ्रिज बिघडलेला नसतो, उपाशी असतो. तीच जोडणी सहा स्क्वेअरच्या वायरीने केली तर तूट ०.२ व्होल्टच्याही आत येते. वायरीइतकेच सांधे पाहावेत. टर्मिनलवर चढलेला पांढरट-निळसर थर, सैल लग (वायरीच्या टोकाचा धातूचा जोड), फ्यूजच्या काळवंडलेल्या पट्ट्या आणि गाडीच्या पत्र्याला दिलेली गंजकी अर्थिंग, यांपैकी कोणताही एक दोष पुरेसा असतो. कॉम्प्रेसर चालू असताना एकदा बॅटरीच्या टर्मिनलवर आणि लगेच फ्रिजच्या जोडणीवर मल्टिमीटर लावला, की दोन आकड्यांतला फरकच सगळे सांगतो.

मिनीबसवर बांधलेल्या गाडीत आणखी एक दोष तपासावा. गाडीची यंत्रणा २४ व्होल्टची असेल, तर दोन बॅटऱ्या ओळीने जोडलेल्या असतात. १२ व्होल्टच्या सामानासाठी कन्व्हर्टर न बसवता कारागीर दोनपैकी एकाच बॅटरीवरून वायर काढतो. मग ती बॅटरी सतत उपाशी राहते, तर दुसरी जास्त चार्ज होऊन उकळते आणि तिच्यातले पाणी आटते. दोन बॅटऱ्यांच्या व्होल्टमध्ये नेहमी फरक आढळणे ही याची खूण. इथे बॅटरी बदलणे व्यर्थ आहे. जोडणीच बदलायला हवी.

तिसरी पायरी उष्णतेची. शिशाच्या बॅटरीचे आयुष्य २५ अंशांवरून दर १० अंशांमागे साधारण निम्मे होते, असा या धंद्यातला आडाखा आहे. उन्हाळ्यात तापलेल्या बंद कप्प्यात ठेवलेली बॅटरी लवकर म्हातारी होणारच. चार्जिंगच्या वेळी तिच्यातून हायड्रोजन वायू निघतो, म्हणून तो कप्पा झोपण्याच्या जागेपासून वेगळा आणि बाहेर हवा जाणारा असला पाहिजे. फ्रिजच्या पाटीवर हवामानाचा वर्ग लिहिलेला असतो: 'एन' ३२ अंशांपर्यंत, 'एसटी' ३८ पर्यंत, 'टी' ४३ पर्यंत. बीडच्या मे महिन्यात पहिला वर्ग निरुपयोगी ठरतो. 'टी' वर्गाचा फ्रिजही लाकडी कपाटात मागची जाळी कोंबून बसवला, तर त्याच्या पाठीची हवा बाहेरच्याहून गरम होते. खाली थंड हवा आत यायला आणि वर गरम हवा बाहेर जायला जागा हवी. स्वयंपाकाच्या गॅसवर चालणारा अमोनियाचा फ्रिज असेल तर गाडी समतल उभी करणे आवश्यक आहे. तो घाटाच्या उतारावर थंड होणार नाही. त्याला १२ व्होल्टवर उभ्या गाडीत चालवले, तर तो दहा-पंधरा अँपिअर ओढून चांगली बॅटरीही काही तासांत बसवतो. त्याच्या मागे पिवळे डाग किंवा अमोनियाचा वास आढळला, तर मात्र दुरुस्तीचा विचार सोडावा. प्लगला लावायच्या स्वस्त थर्मोइलेक्ट्रिक शीतपेट्या बाहेरच्या तापमानाहून साधारण २० अंशच खाली उतरतात. ४२ अंशांत त्या २२ वर थांबतात. त्यात दूध टिकत नाही आणि २ ते ८ अंशांत राहायला हवे ते इन्सुलिन तर मुळीच ठेवू नये.

या क्रमावर काही आक्षेप घेतले जातात. पहिला असा, की दिवे नीट लागतात, म्हणजे वीज ठीक आहे. एलईडी दिवा अर्धा अँपिअरही ओढत नाही, त्यामुळे बारीक वायरीतही त्याची तूट जाणवत नाही. दिव्याची साक्ष फ्रिजच्या खटल्यात चालत नाही. दुसरा आक्षेप असा, की नवी बॅटरी टाकल्यावर फ्रिज चालू लागला, म्हणजे दोष बॅटरीचाच होता. इथे जमाखर्च मांडून पाहावा. ५ अँपिअरचा फ्रिज उन्हाळ्यात दिवसातला सत्तर टक्के वेळ चालला तर ८४ एएच खातो. छतावरचे २०० वॉटचे पॅनेल पाच तासांच्या चांगल्या उन्हात, तोटे वजा जाता, ६० एएचच्या आसपास देते. रोजची २४ एएच तूट तिसऱ्या-चौथ्या दिवशी १५० एएचची ट्युब्युलर बॅटरी निम्मी करते. पुढे अर्धवट भरलेली राहून तिच्यावर सल्फेट चढतो. नवी बॅटरी इथे आजार बरा करत नाही, फक्त त्याची तारीख पुढे ढकलते. तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे: कधी कधी कॉम्प्रेसरच खरोखर गेलेला असतो. हे मान्यच. त्यासाठीही गॅसला हात लावण्याआधी एक निर्णायक चाचणी करता येते. पूर्ण भरलेली, खात्रीची बॅटरी फ्रिजशेजारी ठेवावी आणि फ्यूज लावून, एक मीटरच्या जाड वायरीने थेट जोडावी. फ्रिजची पाठ मोकळी ठेवावी, आत पाण्याची बाटली आणि थर्मामीटर ठेवावा. रात्रभरात तापमान ५ अंशांच्या आसपास आले, तर दोष गाडीत आहे. आले नाही, तर फ्रिजमध्ये. त्यानंतर मेकॅनिकला बोलावणे न्याय्य.

या क्रमाचा आणखी एक व्यवहारी आधार आहे. डीसी फ्रिजचा जाणकार तालुक्याच्या गावी भेटेलच असे नाही. पण बीड, गेवराई, परळी, अंबाजोगाई अशा गावांत ट्रक-ट्रॅक्टरची विजेची कामे करणारे ऑटो इलेक्ट्रिशियन असतात. जाड वायर, लग, फ्यूज आणि अर्थिंग हे त्यांचे रोजचे काम. त्यांच्याकडे 'फ्रिज पाहा' अशी नव्हे, तर 'बॅटरी आणि फ्रिज यांमधली तूट काढा' अशी मागणी घेऊन गेले, तर काम होते. म्हणून जुनी कॅराव्हॅन विकत घेणाऱ्याने सौदा ठरण्याआधी तीन गोष्टी मागाव्यात: बॅटरीची भाराखाली मोजलेली क्षमता, चालत्या फ्रिजपाशी मिळणारे व्होल्ट आणि फ्रिजच्या पाटीवरचा हवामानाचा वर्ग. या तीन गोष्टी नसतील, तर फ्रिज 'चालू आहे' या विक्रेत्याच्या शब्दाला किमतीत जागा देऊ नये.